आय-बसची मार्गिका गेली, मेट्रो तरी टिकेल का?

नवलखावाली: अकरा वर्षं इंदुरात नवलखा ते विजयनगर आय-बसनं, म्हणजे वेगळ्या राखीव मार्गिकेतून धावणाऱ्या बसनं, जाऊन नोकरी केली. 2013 मध्ये सुरू झालेली मार्गिका हटवायला फेब्रुवारी 2025 मध्ये हायकोर्टानं सांगितलं. गीता भवनपाशी रेलिंग कापताना ठिणग्या उडत होत्या, पोटात कालवलं हो. आता 31 मे 2025 पासून सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर मेट्रो आहे. बांधताना पुढच्या वीस वर्षांचा विचार होतो का?

निवृत्त अभियंता: ताई, बांधायला पैसा एकदा लागतो, चालवायला रोज. उद्घाटनाला नारळ फुटतो, बंद पडलेल्या सरकत्या दाराच्या दुरुस्तीला कुणी फोडत नाही! दिल्लीची 2008 ची मार्गिका 2016 मध्ये उखडली, ती होती जेमतेम सहा किलोमीटर. अहमदाबादची 2009 पासून चालू आहे, कारण जाळं वाढवत नेलं. तुकडा टिकत नाही.

पोहेवाला भिया: जाळं नंतर बघू. आपल्या मेट्रोच्या गांधीनगर स्टेशनवर उतरून जुन्या शहरातल्या राजवाड्याला जायचं कसं? रिक्षावाला मेट्रोच्या कितीतरी पट मागतो.

नवलखावाली: अगदी! आय-बस थेट ऑफिसपाशी सोडायची. आता मी स्कूटी घेतलीये, हप्ते चालू आहेत.