मदत हवी आहे : एट्रियल फिब्रिलेशनमध्ये बाई असल्याचा गुण धरतात का?

आई ६७ वर्षांची, पंचवटीत राहते. मागच्या महिन्यात रात्री अचानक धडधड सुरू झाली, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं. पहाटे ठोके आपोआप ताळ्यावर आले. नंतर चोवीस तासांचा होल्टर (ठोक्यांची सतत नोंद घेणारं यंत्र) लावला. चिकटपट्ट्यांनी छाती लाल झाली, हाती काहीच लागलं नाही. इको, थायरॉइड, क्रिएटिनिन नॉर्मल. बीपी-शुगर नाही, झडपांचा दोष नाही, पक्षाघात कधी झालेला नाही.

आता रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर गाडी अडलीय. एक डॉक्टर म्हणतात, चॅड्स-व्हॅस्क या पक्षाघाताचा धोका मोजायच्या गुणपद्धतीत वयाचा १ आणि स्त्री म्हणून १, झाले २, सुरू करा. दुसरे म्हणतात, युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्त्रीचा गुण काढलाय, म्हणजे १च, घाई नको. दोघंही अनुभवी, त्यामुळे कुणाचं खोडून काढण्याची माझी प्राज्ञा नाही. पण हा आजार पुरुषांत जास्त आणि झाला की पक्षाघाताचा धोका वयस्कर बायकांना जास्त, असं वाचलंय. मग तो गुण काढला कशाला?

आई गुडघ्यांसाठी अधूनमधून पेनकिलर घेते, ते दोघांनाही सांगितलंय. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी एक गोळी) दिलं तर आयएनआर या रक्ततपासणीसाठी सारखी ने-आण जमणार नाही. डोस कुणी सुचवू नका, तो डॉक्टरच ठरवतील.

वय सोडून दुसरी कुठलीच जोखीम नसलेल्या बाईच्या बाबतीत हा निर्णय नेमका कशावर होतो, आणि पुढच्या भेटीत काय विचारू?