मदत हवी आहे: उतारावर घोडीचं खोगीर पुढे सरकतं

मंडळी, दोन-तीन दिवसांच्या डोंगरवाटेला आम्ही घोडीवर सामान लादतो. दोन्ही बाजूंच्या पिशव्या काट्यावर तोलूनच भरतो, खोगिरासकट ओझं तिच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत. तरी उतार लागला की खोगीर पुढे सरकतं. परवा ते उतरवलं तर घामाने भिजलेल्या पाठीवर, खांद्यामागच्या उंचवट्याशी, तळहाताएवढा कोरडा डाग, म्हणजे तिथेच खोगीर जास्त दाबत असणार! बोट लावताच तिची कातडी थरथरली. फार वाईट वाटलं. पाठ पूर्ण बरी होईपर्यंत ओझं नाहीच.

तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आणखी आवळणं मला पटत नाही. शेपटीखालून जाणारा पट्टा लावावा, की मुळात खोगीरच तिच्या पाठीला बसत नाहीये? आणि खालच्या जाड घोंगडीने दाब उलट वाढतो का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.