रेअर डिसीझवरचं हॅकेथॉन, पण डेटाच नाही! मॉडेल ट्रेन कशावर करायचं?

तिसऱ्या_वर्षाचा: मंडळी, मदत हवीये. पुढच्या वीकेंडला पुण्यात आमच्या कॉलेजात दुर्मिळ आजारांवर हॅकेथॉन आहे, टीममध्ये तिघं कॉम्प्युटरवाले आणि एक बायोटेकची. ठरवलं होतं मुलांच्या फोटोवरून सिंड्रोम ओळखायचा, पण एकेका आजाराचे जेमतेम वीस-तीस फोटो मिळतायत आणि तेही बहुतेक युरोपातल्या मुलांचे. ऑगमेंटेशन मारून भागेल का? पाषाण-बाणेरकडे कोणी असेल तर भेटायला येतो, चहा आमच्याकडून.

पाषाणचा_बायोइन्फो: फोटोचा नाद सोड रे. वीस फोटो उलटेसुलटे करून दोनशे केलेस तरी मुलं वीसच. आणि ते काम फेसटूजीन ॲपवाले कधीपासून करतायत. शिवाय साधं गणित बघ, आजार दहा हजारांत एकाला आणि तुझं मॉडेल ९९ टक्के बरोबर, तर एक लाख मुलं तपासल्यावर खरे पेशंट १० आणि उगाच घाबरवलेली घरं हजार. जज डॉक्टर असला तर पहिला प्रश्न हाच येणार. लक्षणांची यादी असलेलं एचपीओ, दुर्मिळ आजारांची माहिती देणारं ऑर्फानेट, जीनमधल्या बदलांचा अर्थ नोंदवणारं क्लिनव्हार सगळं फुकट आहे, लक्षणं आणि व्हेरिएंट (जीनमधले बदल) एकत्र घेऊन जीन्सची क्रमवारी लावणारं एक्सोमायझरही आहे, ते परत लिहीत बसू नका.

चिंचवडची_आई: मला कोडिंगमधलं काही कळत नाही, तरी लिहिते. आमची लेक दहा महिन्यांची झाली तरी मान धरत नव्हती, शेवटी एक्सोम (जीन्सची तपासणी) केलं, त्यात व्हीयूएस आला, म्हणजे जीनमध्ये बदल आहे पण आजार त्यानेच झालाय का ते सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले दोनेक वर्षांनी पुन्हा बघू. पण बघणार कोण? लॅबला फोन केला तर म्हणे पुन्हा तपासायचे वेगळे पैसे. फाईल कपाटात पडून आहे. त्या बदलाबद्दल जगात कुठे काही नवीन कळलं तर मेसेज यावा, एवढं जमेल का तुम्हा मुलांना?

पाषाणचा_बायोइन्फो: ताई, तुम्ही तर यांना प्रोजेक्टच दिलात! क्लिनव्हारची फाईल दर आठवड्याला नवी येते, जुन्या महिन्यांच्याही ठेवलेल्या असतात. २०२१ ची आणि आजची ताडून बघायची, तेव्हा व्हीयूएस होते आणि आता पॅथोजेनिक (आजार करणारे) किंवा बिनाइन (निरुपद्रवी) झालेत असे व्हेरिएंट काढायचे, झाला डेमो, पेशंटचा डेटा लागतच नाही. खरी मारामारी पुढे आहे, जुने रिपोर्ट बऱ्याचदा जीनोमच्या जुन्या नकाशावर, जीआरसीएच ३७ वर असतात आणि हल्लीचे ३८ वर, त्यामुळे तोच बदल पण जागेचा नंबर वेगळा. इथेच टीम्स आपटतात. अजून एक, कुठला बदल किती लोकांत आढळतो ते सांगणाऱ्या नोमॅड डेटाबेसमध्ये आपली माणसं कमी, त्यामुळे तिथे दुर्मिळ दिसणारा बदल आपल्याकडे सर्रास, म्हणजे बहुधा निरुपद्रवी, असू शकतो. जीनोम इंडियाने १०,००० भारतीयांचे जीनोम वाचलेत ते याचसाठी, त्याचा उल्लेख प्रेझेंटेशनमध्ये हवाच.

रेसिडेंट_पेड्स: आयडिया आवडली, फक्त मेसेज थेट आईबापांना नको, जेनेटिक काउन्सिलरला (असे रिपोर्ट समजावून सांगणाऱ्याला) जाऊ दे. रात्री अकराला मोबाईलवर 'पॅथोजेनिक' वाचून माणूस काय करणार? आणि स्क्रीनवर ठळक लिहा की बदल सापडला नाही म्हणजे आजार नाही असं नव्हे. स्नायू कमजोर करणाऱ्या एसएमए आजाराचंच घ्या, एसएमएन१ आणि एसएमएन२ हे जीन्स इतके सारखे आहेत की साध्या एक्सोममध्ये ती गडबड निसटू शकते, म्हणून एमएलपीए नावाची वेगळी टेस्ट करतात. आणि कृपा करून कुणाचा रिपोर्ट चॅटबॉटला चिकटवू नका.

चिंचवडची_आई: डॉक्टर, पटलं नाही. काउन्सिलरची अपॉइंटमेंट मिळायलाच महिना जातो. दोघांना एकदम पाठवा, आम्ही एवढी वर्षं न कळण्यात काढली आहेत, एका शब्दाने कोसळणार नाही.

रेसिडेंट_पेड्स: बरं, दोघांना. पण आईबापांच्या मेसेजमध्ये निकाल नको, 'नवीन माहिती आली आहे, भेटा' एवढंच.

तिसऱ्या_वर्षाचा: फोटोवालं मॉडेल कॅन्सल, टीमला कळवलं. ताई, रिपोर्ट टाईप केलेल्या पीडीएफमध्ये असतो की स्कॅन?

चिंचवडची_आई: आमच्याकडे झेरॉक्सचा मोबाईलवर काढलेला फोटो आहे, जीनच्या नावावर बरोबर स्टेपलची पिन आलीये. नाव झाकून पाठवू का?