जास्त वॅटच्या बल्बनं सावली हटत नाही

स्वयंपाकघर अंधारं असेल तर सरळ जास्त वॅटचा बल्ब लावा, असं काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही. आमचं मंगळवार पेठेतलं जुनं घर. ओटा भिंतीला, दिवा खोलीच्या मधोमध. ओट्याशी उभं राहिलं की उजेड पाठीवर आणि सावली नेमकी ताटात. ९ वॅटचा काढून १५ चा लावला, सावली होती तिथंच. कोथिंबिरीतली पिवळी पानं दिसेनात म्हणून आई ताट घेऊन दारात जाऊन बसायची. शेवटी ओट्यावरच्या फळीखाली, पुढच्या कडेला, दोन फुटी एलईडी ट्यूब लावली. आता आई ओट्यावरच निवडते.

आणखी एक: खोक्यावरचा सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. साध्या एलईडी दिव्यांचा ८० च्या आसपास असतो. ९० च्या वरचा घेतला तर लाल रंग सहसा जास्त खरा दिसतो. तांबड्या रश्श्याचा कट बघायला तेवढं पाहिजेच की! बाहेरच्या भिंतीला मात्र आयपी ६५ चाच, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा आत न घेणारा दिवा घ्या, आपल्याकडं जुलैत पाऊस आडवा मारतो. आणि तो ३००० केल्विनचा, पिवळसर. पांढऱ्यापेक्षा त्याच्यावर किडे कमी येतात.