हिस्सा मागितला की भाऊबीज बंद?

बांधावरची: परवा इथं एकाने लिहिलं, 'जिने हिस्सा घेतला तिने भाऊबीजेला ताट घेऊन येऊ नये.' खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.
वडील २०११ ला गेले. तेरावं झालं नि तिसऱ्या दिवशी भाऊ मला तालुक्याला घेऊन गेला. निबंधक कचेरीसमोरच्या रसवंतीत हक्कसोड पत्र पुढं केलं. "वाचायचंय काय त्यात, सगळ्याच बहिणी करतात." सव्वा एकर गेला एका ग्लास रसात. दिवाळीला साडी आली, तिला फॉलसुद्धा नव्हता. २००५ पासून मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे, हे मला सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालाच्या बातमीत कळलं!

कोरडवाहू: रस गोड लागला तेव्हा सही केलीत, आता जमिनीला भाव आला म्हणून आठवण. हुंडा, मानपान, दोन बाळंतपणं कोणी केली? तीन एकरात पाच वाटे घातले तर बैल कुठं वळवायचा?

बांधावरची: हुंड्याला १९६१ पासून बंदी आहे, म्हणजे गुन्ह्याची पावती फाडताय. आणि दोघा भावांत वाटे पडतात तेव्हा बैल बरा वळतो!

मधली सून: दोघंही थांबा. सासूबाई पाच वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचं हगणंमुतणं मी काढलं. नणंदा आल्या त्या आंब्याच्या दिवसांत. त्यांना कायद्याने हिस्सा, मला काय? रेशनकार्डावर मी कुटुंबप्रमुख, सातबाऱ्यावर कुठंच नाही.

बांधावरची: मग नवऱ्याकडे मागा, नणंदेवर राग का?

मधली सून: नवऱ्याकडे मागून बघा एकदा, मग बोला. तुम्ही स्वतःच्या आईजवळ किती रात्री काढल्या?

बांधावरची: सासरचे सोडत नव्हते. हे तुम्हाला मी सांगायला हवं?

जुना बिल्ला: १९८६ ला शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला आई ट्रॅक्टरमधून गेली होती. पुढं संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, म्हणजे बायकोच्या नावे जमीन करायची मोहीम; आमच्या वडिलांनीही आईच्या नावे अर्धा एकर केला. अख्ख्या शिवारात खडक तेवढ्याच तुकड्यात. तरी म्हातारी तलाठ्याकडे स्वतः उतारा काढायला जायची, चप्पल पुसून.

मधली सून: खडक तर खडक. आमच्याकडे तोही नाही.

कोरडवाहू: बरं बाई, घ्या हिस्सा. सोसायटीचं दीड लाख थकलंय, त्यातही घ्या.

बांधावरची: घेते की. नाव लावा, मग कर्ज मागा. नाव तुमचं नि कर्ज वाटून, हे कुठलं गणित?

कोरडवाहू: … माझ्या बहिणीची सही व्हायचीय अजून. विचारतो तिला. नकोच म्हणेल ती.

मधली सून: विचारताना हातात कागद नको आणि शेजारी मामा नको.