समोवारच्या आठवणी: तुमच्याकडची एक तरी लिहा

परवा एका मैत्रिणीचं प्रदर्शन पाहायला जहांगीर आर्ट गॅलरीत गेलो आणि पाय सवयीने तिथल्याच समोवारकडे वळले. उषा खन्नांनी १९६४ साली सुरू केलेलं ते कॅफे मार्च २०१५ अखेर बंद झालं हे पक्कं ठाऊक असूनही वळले. म्हणून हा धागा.

मुंबईत काळा घोडा परिसरात ज्यांचं कॉलेज होतं त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: लोकलच्या डब्यासारखी लांब, अरुंद जागा, वेताच्या खुर्च्या, एक अंग उघडं आणि पलीकडे हिरवळ. खिमा पराठा, पकोडे, पेरूचा रस, पुदिन्याचा चहा, आणि हो, बिअर. रस्ता ओलांडला की एल्फिन्स्टन, जरा पुढे विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर.

माझी आठवण १९८७ची. एल्फिन्स्टनला एस.वाय.ला होतो, डोंबिवलीहून यायचो. खिशात रेल्वेचा पास आणि एका चहापुरते पैसे. त्या एका चहावर मी तीन तास बसलो आणि मला कुणी उठवलं नाही. शेजारच्या टेबलाशी चित्रकार एम. एफ. हुसेन बसले होते, अनवाणी. त्यांच्यापुढेही चहाच होता. घरी सांगितलं तर आईला हुसेन कोण ते माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "तीन तास बसू दिलं? चांगली माणसं आहेत."

तुमचं लिहा. छोटं असलं तरी चालेल.

जे.जे., उपयोजित कला

मी सांगलीचा. शेवटच्या वर्षाला असताना जहांगीरबाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडून बसायचो. गॅलरीत प्रदर्शन लावायचं तर वर्षानुवर्षं थांबावं लागतं, फुटपाथ तेवढा लगेच मिळतो. एका शनिवारी माझं पहिलं जलरंगातलं चित्र विकलं गेलं. आम्ही तिघे मित्र आत गेलो आणि एक बिअर मागवली. वेटरकाकांनी न विचारता तीन ग्लास आणले. ते मला रोज बाहेर बसलेला पाहायचे. त्यांनी विचारलं, "कुठलं गेलं? बंदराचं?" मी हो म्हटलं, तर म्हणाले, "मला वाटलंच होतं." माझ्या चित्रावर मिळालेला तो पहिला अभिप्राय. पुढे समीक्षकांनी बरंच लिहिलं, त्यातलं फारसं लक्षात राहिलेलं नाही.

एम.ए. करत होते तेव्हा

१९९४-९५. आमचे वर्ग कलिन्याला भरायचे, पण मी वाचायला फोर्टच्या विद्यापीठ ग्रंथालयात यायचे. दुपारी समोवार. एकटी बाई पुस्तक उघडून बिअरचा ग्लास घेऊन बसलीय आणि कुणी वळून बघत नाही, अशी जागा तेव्हाच्या मुंबईत मला दुसरी माहीत नव्हती. आमच्या गिरगावच्या चाळीत मी मैत्रिणीकडून उशिरा आले तरी जिन्यावर चौकशी व्हायची. समोवार चालवणारी एक बाई होती, याचा त्याच्याशी संबंध असणारच असं मला आजही वाटतं. उषाताई टेबलांमधून फिरायच्या, हसून पुढे जायच्या. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण तिथे लिहून झालं.

हायकोर्टात वकिली करते

कोर्टातून चालत पाच-सात मिनिटं. खिमा पराठा, दोघीत एक. हरलेल्या केसच्या दिवशी एकेक.

वरच्या सगळ्यांना

मीही हळहळलो, पण एक सांगतो. जागा गॅलरीची होती आणि तिला ती परत हवी होती. मी चित्रकार आहे, गॅलरीला जागा किती कमी पडते ते मला माहीत आहे. तरी २०१६च्या फेब्रुवारीत समोरचं ऱ्हिदम हाऊस हे कॅसेट-रेकॉर्ड्सचं दुकानही बंद झालं, तेव्हा मी त्या चौकात बराच वेळ नुसता उभा होतो. त्याआधी वेसाईड इन हे रेस्टॉरंट गेलं होतं, जिथे कवी अरुण कोलटकर बसायचे. चित्र बघायचं, कॅसेट घ्यायची आणि मग कुठेतरी बसून त्यावर भांडायचं, असा आमचा दिवस असायचा. चित्र अजून आहे. भांडायला कुठे बसायचं?

न्यू जर्सी

बाल्कनीत कुंडीत पुदिना लावलाय. चहात घालते. तसा होत नाही.

लातूरहून

मी तिथे कधी बसलेच नाही, तरी लिहिते. बाबा सिद्धार्थ कॉलेजला होते, वसतिगृहात राहायचे. महिन्यातून एकदा, घरून मनिऑर्डर आली की, समोवारला पेरूचा रस. बंद होतंय हे पेपरात वाचलं तेव्हा मी मुंबईत नोकरीला लागून दोन महिने झाले होते. शेवटच्या आठवड्यात ते रात्रीच्या गाडीने आले. दारात ही गर्दी. सगळे फोटो काढत होते. तासभर थांबलो, टेबल मिळेना आणि बाबांचा गुडघा दुखायला लागला. मी आत जाऊन सांगितलं. एका वेटरने दाराशीच एक खुर्ची आणून दिली आणि रसाचा एक ग्लास. बाबांनी खुर्ची घेतली नाही. उभ्यानेच प्यायले, अर्धा मला दिला. मग ग्लास परत द्यायला स्वतः आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.