मिनी पोकलेनला फ्लेल मोवर लावलाय, मोटरचं सील वारंवार जातंय – मदत हवी आहे

राजापूर तालुक्यात उतारावर काजूची बाग आहे. घाणेरी आणि रानमोडी डोक्यावर गेलीय, बेणणीला माणसं मिळत नाहीत. म्हणून साडेतीन टनी मिनी पोकलेनला ८० सेंमीचा फ्लेल मोवर (फिरत्या रोटरवरच्या पात्यांनी झुडपं तोडून बारीक करणारं यंत्र) लावला. पाती वाय आकाराची, मोटर तेलाच्या दाबावर चालणारी, पिस्टनची.

मोटरचं शाफ्ट सील (शाफ्टपाशी तेल अडवणारी रिंग) दोनदा गेलं. आधी ७ तासांत, मग ११ तासांत. रोटरच्या टोकाशी तेलात भिजलेल्या पाल्याचा काळा लगदा दिसतो, तेव्हाच कळतं.

जोडणी ब्रेकरच्या (दगड फोडायच्या हातोड्याच्या) लाइनवर आहे, रिटर्न म्हणजे परतीचं तेल सरळ टाकीत जातं. केस ड्रेनची, म्हणजे मोटरच्या आवरणात (केसमध्ये) झिरपलेलं तेल बाहेर नेणारी बारीक नळी मात्र मेकॅनिकने टी लावून रिटर्नमध्येच सोडलीय, कारण टाकीला रिकामं तोंड नाही. माझा संशय तिथेच आहे. रिटर्नचा दाब केसमध्ये चढत असणार.

तेल आणि रिटर्न फिल्टर बदलून झाले. बेअरिंग ठीक आहे, शाफ्टला तार किंवा वेल गुंडाळलेली नव्हती. प्रवाह मोवरच्या पाटीवरच्या मर्यादेतच आहे. ब्रशकटर सुचवू नका, मनगटाएवढ्या खोडांना तो पुरत नाही. टाकीला भोक पाडून वेल्डिंगही नको. कीस आत गेला तर पंपच जाईल.

टाकी न कापता, ब्रीदरच्या (टाकीत हवा ये-जा करायच्या) किंवा तेल भरायच्या झाकणातून केस ड्रेन आत घेतलाय का कुणी? घेतला असेल तर नळी किती जाडीची, तिचं टोक तेलाखाली ठेवलं की वर, आणि गेज लावल्यावर काम चालू असताना दाब किती दिसला?